पाणी शुद्ध नको, स्वच्छ पायजे

दोस्तांनो, तळं म्हटलं की आपल्याला महाड आठवतं. आठवणारच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि या देशातल्या सगळ्या तळ्यांचा अर्थ बदलून टाकला. त्याला आता शंभर वर्षं होत आली. या शंभर वर्षांत आपल्या भाषणातलं, आपल्या कवितेतलं पाणी किती पुढं सरकलं? नळावरची रांग. टँकरमागं पळणारी आई. रिकामा हंडा. हे सगळं खरं आहे आणि आजही आहे. पण पाणी म्हणजे फक्त तहान, पाणी म्हणजे फक्त मोर्चा, असा जणू कायदाच आपण स्वतःला करून घेतलाय. पाणी नुसतं बघायचंही असतं, असं कुणी म्हणालं की आपल्यातलेच शहाणे त्याच्या अंगावर धावून जातात.

तळवलीत हेच झालं.

आपला एक साथी तिथं गावठाणाच्या कडेला बैठ्या घरात राहतो. ठाणे-बेलापूर रोड ओलांडून रबाळ्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर कामाला जातो. पाळी सुटल्यावर, रविवारी, असं करत त्यानं घरामागच्या परसात खड्डा खणला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, चार फूट खोल. त्यात पाणी भरलं. कुमुदिनीच्या दोन कुंड्या सोडल्या, नर्सरीवाले जिला लिली म्हणतात ती. काही आठवडे थांबून चार कोई मासे सोडले. तांबडे-पांढरे, वीतभर लांब. आज त्या तळ्याचा तळ दिसतो. टाकलेलं नाणं वरून वाचता येतं.

झालं. अभ्यासवर्गात त्याच्यावर खटला उभा राहिला. एक म्हणाला, हे बूर्झ्वा चाळे आहेत. दुसरा म्हणाला, वस्तीत प्यायला पाणी नाही आणि हा माशांना पोहायला पाणी देतो. तिसरा म्हणाला, पगार सुरू झाला की आपला माणूस असाच फुटतो, आज कोई, उद्या कुत्रा, परवा गेटवर वॉचमन. शेवटी एकमतानं निकाल लागला: बुजव.

आम्ही म्हणतो, बुजवू नको. दोस्तीखातर म्हणत नाही. तळं बुजवायला सांगणारे ज्या तीन गोष्टी गृहीत धरून बोलतात त्या तिन्ही खोट्या आहेत, म्हणून म्हणतो.

पहिली गोष्ट. परसातलं तळं ही साहेबाची, बंगलेवाल्याची चैन आहे, असं हे धरून चालतात.

हे कुणी शिकवलं तुम्हाला? अलिबागच्या खारेपाटात जा. शहापूर, धेरंड या गावांत घराशेजारी तळी आहेत. त्यात जिताडा वाढतो. आगरी माणसानं खाडीच्या काठावर बांध घातले, मीठ काढलं, भात पिकवला आणि घराशी तळं राखलं. पाहुणा आला, सण आला की त्यातला मासा काढला. ते तळं कुठल्या पुस्तकातून आलं नाही, कुठल्या आर्किटेक्टनं काढून दिलं नाही. कष्टकऱ्यानं आपल्या पोटासाठी खणलं आणि दाराशी पाणी चमकलेलं त्याला आवडलं. पोट आणि डोळे दोन्ही त्याचेच होते.

आता तो कोई घ्या. हा मासा आज पैसेवाल्यांनी पळवलाय, हे कबूल. २०१८ साली हिरोशिमात एक कोई वीस कोटी येनांवर विकला गेला. पण तो जन्मला कुठं? जपानच्या निइगाता भागातल्या डोंगराळ खेड्यांत. थंडीत बर्फानं वाट बंद व्हायची, तेव्हा खायला म्हणून भातशेतीवाले शेतकरी तळ्यात कार्प पाळत. १८२० च्या सुमारास त्यातले काही मासे रंगीत निघू लागले. शेतकऱ्यांनी ते खाल्ले नाहीत, वेगळे राखले, त्यांची पैदास केली. १९१४ च्या टोकियोच्या प्रदर्शनापर्यंत शहराला त्यांचा फारसा पत्ताही नव्हता. म्हणजे ज्याला तुम्ही बूर्झ्वा मासा म्हणता तो गरीब शेतकऱ्यानं आपल्या ताटातून वाचवलेला मासा आहे. आपल्याकडे धरणावरचे मच्छीमार ज्याला सायप्रिनस म्हणतात, जो १९३९ साली नीलगिरीत आणला गेला आणि आज बाजारात किलोवर विकला जातो, त्याचाच हा भाऊबंद. अंगावर रंग चढला म्हणून त्याची जात बदलली का?

आणि घरातल्या पाण्याचीच गोष्ट काढता, तर १८६८ साल काढा. पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरातला हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडच्या ५९ वर्षं आधी. पालिकेचा ठराव नव्हता, कायदा नव्हता, कोर्ट नव्हतं. एका माणसाच्या घरातला हौद होता. त्या हौदानं पुणं हादरलं. घरामागचं पाणी ही खासगी बाब आहे, राजकारण रस्त्यावर असतं, असं सांगणाऱ्यांनी हा हौद आधी समजून घ्यावा. पाणी कुणाच्या परसात आहे एवढ्यानं भागत नाही. त्या परसाचं दार कुणाला उघडं आहे, हे विचारावं लागतं.

दुसरी गोष्ट. स्वच्छ पाणी म्हणजे शुद्ध पाणी, शुद्ध म्हणजे उच्च, म्हणून नितळ तळं म्हणजे भटजीपणा. हे कुणी तोंडानं बोललं नाही. पण 'एवढं चकचकीत पाणी कशाला पायजे' असं जेव्हा आपला माणूस विचारतो, तेव्हा त्याच्या पोटात हेच असतं. इथंच आपण मार खातो. स्वच्छ आणि शुद्ध हे दोन शब्द एकमेकांचे वैरी आहेत. तळवलीच्या त्या खड्ड्यापुढं उभं राहिलं की हे लख्ख कळतं. म्हणून ते पाणी नितळ कसं झालं ते नीट ऐका.

पाणी भरल्यावर आठवडाभरात ते हिरवं झालं. शेवाळाचे सूक्ष्म कण. ऊन आणि खत मिळालं की पाणी हिरवं होतंच. दुकानदार म्हणाला, पावडर टाका, एका रात्रीत साफ. शेजारी म्हणाला, सगळं पाणी उपसून नवं भरा. साथीनं दोन्ही केलं नाही. पाणी उपसून नवं भरलं की पुन्हा पहिल्यापासून तेच. त्यानं एक निळा प्लास्टिकचा पिंप आणला. त्यात खाली खडी, वर नायलॉनच्या जुन्या जाळ्या, त्यावर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या आणि भंगारवाल्याकडून आणलेली बाटल्यांची झाकणं. तळ्यातून पंपानं पाणी उचलायचं, पिंपातून फिरवायचं आणि पुन्हा तळ्यात सोडायचं. तळ्यात सहा हजार आठशे लिटर पाणी. तासाला साडेतीन हजार लिटर उचलणारा पंप लावला, म्हणजे दोन तासांत सगळं पाणी एकदा पिंपातून जातं. पन्नास वॅटचा पंप रात्रंदिवस चालला तर महिन्याला ३६ युनिट वीज.

पण पिंप काही पाणी गाळत नाही, हे ध्यानात घ्या. गाळणं हे वरवरचं काम. खरं काम त्या झाकणांवर, जाळ्यांवर चढलेल्या बुळबुळीत थरात होतं. मासा श्वास घेतो, हगतो, त्यातून अमोनिया सुटतो. अमोनिया विष आहे. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू तो खातात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग नायट्रोस्पायरासारखे दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला फारसं बाधत नाही आणि कुमुदिनीला ते खत म्हणून लागतं. तिची पानं पाण्यावर पसरतात, निम्म्या तळ्यावर सावली धरतात, शेवाळाचं ऊनही तोडतात आणि खाणंही. तेव्हा कुठं पाणी नितळ होतं. त्या जीवाणूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी घाईनं मासे सोडले तर ते मरतात. पंप बंद पडला, जीवाणूंना हवा मिळाली नाही, तर तेही मरतात.

म्हणजे काय झालं? ज्या बुळबुळीला हात लावायला तुम्हाला किळस येते, तीच पाणी स्वच्छ करते. अंधारात, पिंपाच्या आत, कुणाला न दिसता, सगळ्या तळ्याची घाण खाऊन. ती बुळबुळ एखाद्या सोवळ्या माणसानं नळाखाली धरून चकचकीत धुतली तर चार दिवसांत तळं मरतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या जीवाणूंना मारतं, माशांचे कल्लेही जाळतं. पाणी स्वच्छ होतं ते घाणीशी संबंध तोडून नाही. घाणीवर काम करून होतं.

आता शुद्धी बघा. महाडला आपल्या माणसांनी पाणी प्यायल्यावर गावगुंडांनी लाठ्याकाठ्या चालवल्या. मग ब्राह्मणांनी तळ्याची शुद्धी केली. १०८ घागरी पाणी उपसलं. दही, शेण, दूध, गोमूत्र यांचा काला मंत्र म्हणत तळ्यात सोडला. तळं शुद्ध झाल्याचं जाहीर केलं.

हे शास्त्रानं तपासू या. शास्त्र म्हणजे त्यांचं नाही, आपलं. गोमूत्रातून अमोनिया सुटतो. शेण कुजायला लागलं की पाण्यातला प्राणवायू खातं. दूध आणि दही पाण्यात गेलं की जीवाणूंची झुंबड उडते आणि उरलासुरला प्राणवायूही संपतो. तळवलीच्या तळ्यात हा काला ओतला तर दुसऱ्या दिवशी सकाळी चारही कोई पोट वर करून तरंगतील. आपल्या माणसाच्या ओंजळीनं चवदार तळ्यातला एकही मासा मेला नसता. म्हणजे १९२७ साली पाण्यात घाण कुणी टाकली? विटाळ कुणी केला? हा प्रश्न आपण तावातावानं विचारत आलो. आता पिंप दाखवून विचारा. उत्तर देणाऱ्याची तोंडं बघण्यासारखी होतील.

आणि हे आपल्याच देशात होतं असं नाही. ज्यांच्या नावावरून आपल्या पँथरनं नाव घेतलं त्या काळ्या माणसांच्या देशात बघा. १८ जून १९६४. फ्लॉरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावात एका मोटेलच्या पोहण्याच्या तलावात काळे आणि गोरे सत्याग्रही एकत्र उतरले. व्यवस्थापकानं काय केलं? तलावात ॲसिड ओतलं. माणसं पाण्यात असताना. इथं पंचगव्य, तिथं ॲसिड. बाटली वेगळी, डोकं एकच. पाण्यात आपलं अंग भिजलं की त्यांना पाणी मारावंसं वाटतं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सिनेटनं नागरी हक्कांचा कायदा मंजूर केला. आपल्याकडं महाड नगरपालिकेनं तळं खुलं करण्याचा स्वतःचाच ठराव ऑगस्ट १९२७ मध्ये मागं घेतला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं यायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं. एका ओंजळीसाठी दहा वर्षं कोर्ट.

म्हणून सांगतो, शुद्ध पाणी त्यांच्याकडं राहू द्या. आपल्याला स्वच्छ पाणी पायजे. शुद्धीला शत्रू लागतो, कुणीतरी बाहेर ठेवावा लागतो. स्वच्छतेला श्रम लागतात, ज्ञान लागतं, हवा लागते.

इथं त्या कमळाचंही एकदा काय ते मिटवून टाकू. शाळेच्या बक्षीस समारंभापासून साहित्य संमेलनापर्यंत आपण हे ऐकत आलो: 'चिखलात उमललेलं कमळ.' आपल्यातला एखादा पोरगा शिकला, एखादीनं पुस्तक लिहिलं, की पांढरपेशे पाहुणे हेच वाक्य त्याच्या गळ्यात घालतात. त्याचा अर्थ काय? तुझी वस्ती चिखल, तुझे आईबाप चिखल, तू मात्र त्यातून सुटलास, शाब्बास! या हरामखोर कौतुकाला उत्तर कुमुदिनीच देते. ती चिखलातून सुटत नाही. तिचा कंद चिखलात असतो, मुळं चिखल खातात, म्हणून वर फूल येतं. हलकी नर्सरीची माती दिली तर ती तरंगून जाते. तिला भातखाचराची जड, चिकट मातीच लागते. त्या मातीवर मोठे दगड ठेवावे लागतात, नाहीतर कोई तळ उकरून कुंडी रिकामी करतो. रोज पाच-सहा तास ऊन द्यावं लागतं. चिखल काढून घ्या, फूल आठवड्यात कुजेल. आम्ही चिखलात उमललेलो नाही, साहेब. चिखलानं आम्हाला उमलवलंय.

तिसरी गोष्ट, आणि ही आपल्या साथींची सगळ्यात जड तोफ. वस्तीत पाणी नाही आणि हा मासे पाळतो.

हिशेब करा. तोफ हिशेबावर डागायची असते, भावनेवर नाही. तळवलीत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घराचं छप्पर तीनशे चौरस फूट धरा. त्यावर पावसाळाभरात पन्नास हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. गळती, उडणं, पहिल्या पावसाची घाण सोडून द्या, तरी तळं पाच वेळा भरेल एवढं उरतं. साथीनं छपराच्या पन्हाळीला पाइप जोडला आणि तळं पावसानं भरलं. नळाचा एक थेंब घेतला नाही. उन्हाळ्यात दिवसाला तीसचाळीस लिटर पाणी उडतं. त्यासाठी जूनपासून भरून ठेवलेले पिंप आहेत. हे पाणी त्यानं कुणाच्या हंड्यातून काढलं? ते गटारात जाणार होतं. गटारातून खाडीत.

आता खरा चोर बघू. त्याच रोडवर, त्याच गावांच्या जमिनीवर टॉवर उभे आहेत. खाली पोहण्याचा तलाव. पन्नास फूट लांब, वीस फूट रुंद, चार फूट पाणी धरा. एक लाख लिटरच्या वर गेलं. ते पाणी कुठून येतं? नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे. त्याच्या पाण्याखाली शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या जमिनी गेल्या. त्या टॉवरच्या गेटवर 'बाहेरच्यांना प्रवेश नाही' अशी पाटी. मोलकरणीला वेगळी लिफ्ट. तिथं तुमची तोफ का उडत नाही? दहा बाय सहाच्या खड्ड्यावर उडते, कारण खड्डेवाला आपला आहे, हाताशी आहे, उलटून मारणार नाही. हे शौर्य नाही, दोस्तांनो. घरातल्या घरात दादागिरी आहे.

ही जमीन कुणाची होती तेही बोला. १९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं. भाताची खाचरं, मिठागरं, खाडीची मासेमारी, सगळं नकाशावर 'नोड' आणि 'सेक्टर' झालं. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासईच्या लढ्यात भूमिपुत्रांवर गोळ्या चालल्या. पाच माणसं गेली. त्यांच्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना निघाली. आगरी-कोळी भूमिपुत्राला निदान भूमी होती, ती गेली म्हणून तो लढला. आपले लोक दुष्काळातून, मराठवाड्यातून, विदर्भातून आले ते एमआयडीसीच्या कुंपणाला टेकून झोपडी बांधायला. ना भूमी, ना पुत्र. आज त्या शहरात आपल्यातल्या एकाच्या वाट्याला साठ चौरस फूट जमीन आली आणि त्यानं तिच्यावर पाणी ठेवलं. यावर क्रांती अडली म्हणता?

या शहराचा तळ खाडीचा आहे. भराव घालून वसवलेलं, भरतीच्या रेषेखालचं शहर. पावसाच्या वेळी भरती आली तर पाणी जायला जागा नाही, म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. त्यात पाणी थांबतं आणि ओहोटीला खाडीत सुटतं. त्यात गाळ साचला, खारफुटी वाढली, उपसायचं कोर्टकचेरीत अडकलं. गावोगावच्या तळ्यांत मूर्तींचं विसर्जन होतं, म्हणून महापालिकेनं शहरातल्या चौदा तलावांत गॅबियन पद्धतीच्या भिंती घालून विसर्जनाचा भाग वेगळा केला. म्हणजे पाणी स्वच्छ ठेवायचं तर तंत्र लागतं, पैसा लागतो, हे प्रशासनाला कळतं. मग आपल्या पोरानं तेच तंत्र भंगारातल्या झाकणांवर शिकलं, तर तो फुटला कसा?

आणि या शहराचा गाळ काढतो कोण? इथं येऊन सगळे गप्प बसतात.

तळ्याच्या तळाशी पानं, विष्ठा, उरलेलं खाणं साचून राहिलं, तिथं हवा पोचली नाही, की काळा थर बनतो. त्यातून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. हायड्रोजन सल्फाइड. साथी महिन्याला तो थर काढतो, कारण एका रात्रीत तो मासे मारू शकतो. गटारात माणूस मरतो तो याच वायूनं. तोच वायू, तोच काळा थर. माशासाठी लोक पंप लावतात, हवा सोडतात, रात्री उठून बघतात. गटारात उतरणाऱ्या आपल्या माणसासाठी दोरसुद्धा धड नसतो. हातानं मैला काढायला लावण्यावर १९९३ साली कायदा आला, २०१३ साली दुसरा आला. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. मरणाचा भाव वाढला. मरण थांबलं नाही. शहराचं पाणी नितळ ठेवणारे अंधारातले जीव कोण, हे पिंपात बघून कळत नसेल तर गटाराच्या झाकणाशी उभं राहून बघा. फरक एवढाच, जीवाणूंना हवा द्यावी लागते हे मालकाला कळतं.

विहिरी आपण खणल्या. वडारांनी दगड फोडले, आपल्या बापजाद्यांनी माती उपसली. पाणी लागेपर्यंत आपले हात चालले, पाणी लागल्यावर बाटले. २०२२ साली राजस्थानात जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचा दलित पोरगा शिक्षकाच्या मारहाणीनंतर मेला. माठाला हात लावला म्हणून मारलं, असा घरच्यांचा आरोप आहे. पोरगं नऊ वर्षांचं होतं. माठाजवळ जाताना आपल्या पोराचा हात अजून थरथरतो अशा देशात, एक बाप आपल्या पोराला सांगतो, 'घाल हात पाण्यात, मासा बोटं चाटतो बघ.' कोई खरंच हातातून खातो. ही चैन आहे? आम्ही म्हणतो, हा महाडचा पुढचा अंक आहे. तिथं आपण पाण्यावरचा हक्क घेतला. इथं पाण्याशी असलेली भीती मरते आहे.

तरीही आम्ही आंधळे नाही. तळं हातात आलं की डोकं बिघडू शकतं. टॉवरवाल्याची नक्कल करायचा किडा आपल्यालाही चावतो. नर्सरीवाला येऊन सांगतो, तळं ईशान्येला घ्या, वास्तूत बसतं, लक्ष्मी येते, सात रंगीत आणि एक काळा मासा ठेवा. या दळभद्र्याला हाकलून द्या. तळं तिथं घ्यायचं जिथं ऊन पाच तास येतं आणि झाडाची पानं पडत नाहीत. दिशेला नाक नसतं. म्हणून जो कुणी तळं खणेल त्याच्यासाठी आम्ही काही अटी घालतो. या अटी चळवळीच्या आहेत, वास्तुशास्त्राच्या नाहीत.

एक. नळाचं पाणी तळ्यात नाही. पावसाचं भरा. तळाला शेततळ्याचा प्लास्टिक कागद घाला. सिमेंटचा हौद केलात तर अनेकदा भरून उपसा, नाहीतर चुना पाण्यात उतरून मासे मारतो. अडीनडीला नळाचं घ्यावंच लागलं तर दोन दिवस उघड्यावर ठेवा, नाहीतर फोटो धुवायला वापरत तो हायपो थोडा टाकून क्लोरीन मारा.

दोन. हाव नको. एका मोठ्या कोईला हजार लिटर पाणी धरा. सात हजार लिटरात चार-पाच मासे पुरे. मासा दोन फुटांपर्यंत वाढतो. आज वीतभर आहे म्हणून वीस सोडाल, तर वर्षभरात गटार होईल.

तीन. गाळ स्वतःच्या हातानं काढायचा. पन्नास रुपये देऊन दुसऱ्याला उतरवायचं नाही. ज्या दिवशी आपल्या तळ्याचा गाळ काढायला आपण दुसरा माणूस बोलावू, त्या दिवशी आपण तेच झालो ज्यांच्याशी लढतोय.

चार. तळ्यावर लोखंडी जाळी पायजे, कारण चार फूट पाण्यात पोर बुडतं. जाळी जिवासाठी. विटाळासाठी नाही. वस्तीतलं कुठलंही पोर आलं तर घरातलं मोठं माणूस जाळी उघडेल आणि त्याला हात पाण्यात घालू देईल.

पाच. डास होऊ द्यायचे नाहीत. पाणी फिरतं ठेवा, चार गप्पी मासेही सोडा. आपल्या शोभेपायी वस्तीत डेंग्यू गेला तर ती शोभा नाही, गुन्हा आहे.

सहा. कंटाळा आला म्हणून कोई गावतळ्यात किंवा नाल्यात सोडायचा नाही. तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, तिथल्या माशांचं खाणं ओढतो. द्यायचा तर दुसऱ्या तळेवाल्याला द्या.

सात, आणि ही सगळ्यात वरची. वस्तीच्या पाण्याचा मोर्चा निघेल तेव्हा तळेवाला पहिल्या रांगेत. त्याला अमोनिया कळतो, क्लोरीन कळतं, लिटरचा हिशेब कळतो. महापालिकेच्या इंजिनिअरपुढं बसून, वस्तीला माणशी किती लिटर येतं आणि टॉवरला किती, हे तो कागदावर मांडेल. नुसती घोषणा ऐकून इंजिनिअर हसतो. हिशेब ऐकून घाम येतो.

या अटी ज्याला मान्य त्यानं खणावं. तळवलीत खणावं, दिघ्यात खणावं, तुर्भ्याच्या झोपडपट्टीत जागा नसेल तर अर्ध्या पिंपात एक कुमुदिनी लावावी आणि चार गप्पी सोडावेत. नितळ पाणी बघायला पैसा लागत नाही, पाऊस लागतो आणि डोकं लागतं.

आणि अभ्यासवर्गातल्या आमच्या न्यायाधीशांनो, तुम्हालाही सांगतो. सुंदर गोष्टीची भीती बाळगू नका. भाकरीची लढाई आहे म्हणून फुलाला मनाई, हा नियम आपला नाही. तो नियम आपल्यावर लादला गेला होता: यांनी सोनं घालू नये, नवं कापड घालू नये, यांच्या दारात झाड नको, यांच्या वाट्याला उरलेलं, शिळं, गढूळ. आज तोच नियम तुम्ही क्रांतीच्या नावानं आपल्याच माणसाला लावताय. ज्याला उरलेलंच घ्यायची सवय लावली, त्यानं पहिल्यांदा काहीतरी पूर्ण, नितळ, स्वतःच्या हातानं केलं, तर त्याला बुजव म्हणू नका. त्याच्याकडून शिका. पुढचा अभ्यासवर्ग त्याच्या परसात घ्या. पिंप उघडा. ती बुळबुळ हातात घ्या, वास घ्या, तिचं काम समजून घ्या. शुद्धीवाल्यांशी पुढची गाठ पडेल तेव्हा तिथलंच ज्ञान उपयोगी पडेल.

पाणी आपलं आहे. प्यायलाही आणि बघायलाही. तळं बुजवायचं असेल तर ते आधी डोक्यातलं बुजवा, ज्यात अजून मनूचं गढूळ पाणी साचलंय.